मराठी-कन्नड स्मरणिकेची पानं लाटेकमध्ये लावताना: आधी ओळ ठरवा, समास नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचे शिक्षक शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका स्वतःच लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायच्या संगणकीय प्रणालीत, लावत आहेत. डेमी आकार (साधारण ५.५ × ८.५ इंच), दीडशेच्या वर पानं. बहुतेक मजकूर मराठी, काही लेख कन्नड, आणि मराठी लेखांतही मधूनमधून कन्नड नावं. त्यांच्या तक्रारी चार: समास कितीही बदलले तरी डावी-उजवी पानं जुळत नाहीत, वरची शीर्षकाची पट्टी मजकुराला टेकते, एखाद्या पानावर २७ ओळी बसतात तर पुढच्यावर २५, आणि प्रेसवाला म्हणतो की पीडीएफ ए-फोरची आहे, डेमीची नाही.

सर, या चारही तक्रारी सुटतील, पण समासांचे आकडे हलवून नाही. लाटेकमध्ये पान आतून बाहेर बांधायचं असतं. आधी ओळींमधलं अंतर, मग एका पानावर किती ओळी, मग ओळीची रुंदी, आणि कागदावर जे उरेल ते समास. बहुतेक जण याच्या उलट जातात, कारण वर्डमध्ये पहिला प्रश्न समासाचा असतो. आपल्या सीमाभागातल्या दुभाषी मजकुराला तर उलटा क्रम अजिबात चालत नाही. तो का चालत नाही ते सविस्तर सांगतो.

(आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाकायची, जिथे लागेल तिथे बॅकस्लॅशसह.)

डाव्या-उजव्या पानांचं आधी संपवू. तुम्ही ऑडसाइडमार्जिन बदललंत आणि ईव्हनसाइडमार्जिन तसंच राहिलं. बुक क्लासमध्ये, म्हणजे लाटेकच्या पुस्तकासाठीच्या साच्यात, विषम पानाला एक माप लागतं, सम पानाला दुसरं. शिवाय लाटेक ज्या टेक या प्रोग्रामवर उभं आहे, त्याचे कर्ते डोनाल्ड कनूथ यांनी त्याचा मूळ बिंदू कागदाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून एक इंच आत आणि एक इंच खाली धरला आहे. म्हणजे ऑडसाइडमार्जिन शून्य लिहिलं तरी समास एक इंचाचा पडतो. डेमीसारख्या लहान कागदावर मग उणे आकडे लिहावे लागतात, आणि थोड्या वेळाने कुठला आकडा कशासाठी होता हेच कळेनासं होतं. ही सगळी मापं फाईलमधून काढून टाका. हिदेओ उमेकी यांचं जॉमेट्री हे पॅकेज (लाटेकला लावायची, पानाची मापं बघणारी जोड) वापरा आणि मापांबद्दल जे सांगायचं ते एकाच ठिकाणी, त्यालाच सांगा. टेक्स्टविड्थ, टॉपमार्जिन वगैरे हाताने बसवायचं आणि वर जॉमेट्रीही घ्यायचं, असं दोन्ही करू नका.

आता मुख्य मुद्दा, ओळीचा.

टेक ओळी कशा रचतं ते बघा. प्रत्येक ओळीला उंची असते आणि खोली असते. एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर, म्हणजे बेसलाइनस्किप, तुम्ही ठरवून दिलेलं असतं. पण वरच्या ओळीतलं अक्षर इतकं खाली आलं आणि खालच्या ओळीतलं इतकं वर गेलं की दोन्ही एकमेकांत शिरणार, तर टेक ठरलेलं अंतर सोडून देतं आणि दोन्हींच्या मध्ये लाइनस्किप नावाची छोटी फट घालतं. ती मुळात १ पॉइंटची असते. तेवढी ओळ खाली सरकते. पानावर असं दोन-चार ठिकाणी झालं की शेवटची ओळ बसत नाही, ती पुढच्या पानावर जाते. तुमच्या २७ आणि २५चं पहिलं कारण हे. लॉगमध्ये, म्हणजे लाटेकच्या नोंदींच्या फाईलमध्ये, याची कसलीही सूचना येत नाही, म्हणून माणूस समास चाचपत बसतो.

इंग्रजी मजकुरात हा प्रसंग फारसा येत नाही. आपल्याकडे तो रोजचा. मराठीत ‘कीर्ती’, ‘सर्वांनी’, ‘मूर्ती’ या शब्दांत रफार, वेलांटी, अनुस्वार शिरोरेषेच्या वर गर्दी करतात. ‘उद्घाटन’ आणि ‘राष्ट्रीय’ खाली उतरतात, आणि स्मरणिकेत उद्घाटनं पानोपानी असतात. कन्नडचा प्रश्न त्याहून मोठा, कारण तिथे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात. आपल्याच जिल्ह्यातली नावं घ्या: चिक्कोडी, हुक्केरी, कित्तूर. तिन्हींत दुहेरी व्यंजन आहे, म्हणजे तिन्ही कन्नडमध्ये ओळीखाली लोंबतात. निपाणीचंही तेच, कन्नडमध्ये तिथे दोन ‘प’ येतात. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या नावात तर दोन ठिकाणी. असं नाव वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत कुठेही ‘कीर्ती’ आली की ठरलेलं अंतर गेलंच म्हणून समजा.

तेव्हा ओळींमधलं अंतर ठरवायचं ते सर्वांत खोल कन्नड आणि सर्वांत उंच मराठी यांची गाठ पडली तरी पुरेल असं. १२ पॉइंटच्या निव्वळ मराठी मजकुराला मी १६ पॉइंट देतो आणि ते भागतं. कन्नड मिसळली की १७.५ ते १८ लागतात. फाँट कोणता यावर थोडं मागेपुढे होतं, म्हणून अंदाजावर न राहता मोजून घ्या. एक चाचणीची फाईल करा. त्यात २१ ओळी, आलटून पालटून: पहिली मराठी, ‘कीर्ती सर्वांनी मूर्ती उद्घाटन राष्ट्रीय’, दुसरी कन्नड, चिक्कोडी-हुक्केरी-कित्तूर यांची, तिसरी पुन्हा मराठी. शब्द असे ठेवा की प्रत्येक ओळीत खोल आणि उंच अक्षरं येतीलच. प्रिंट काढा आणि पोलादी पट्टीने पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून एकविसाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत मोजा. १८ पॉइंटच्या हिशेबाने मधली २० अंतरं मिळून साधारण १२६ मिमी भरायला हवीत. १२८-१२९ आली, तर कुठेतरी लाइनस्किप घुसलेली आहे. मग एकतर अंतर वाढवा, नाहीतर कन्नड फाँट लहान करा.

कन्नड फाँट लहान करणं हा बऱ्याचदा चांगला उपाय असतो. एकाच पॉइंटात कन्नडची गोल, रुंद अक्षरं मराठीपेक्षा मोठी दिसतात. फाँटस्पेक या फाँट निवडायच्या पॅकेजमध्ये कन्नड फाँट घेताना स्केल ०.९ किंवा ०.९२ देऊन पहा. अक्षराचं अंग मराठीच्या अंगाएवढं दिसलं पाहिजे, ही कसोटी. त्याने खालची खोलीही कमी होते. लाइनस्किपलिमिट उणे करून टेकला गप्प बसवता येतं, ते मला माहीत आहे, पण मग अक्षरं खरोखर एकमेकांवर चढू शकतात. वाचणाऱ्या आजोबांच्या चष्म्याचा विचार करा आणि तो मार्ग सोडा.

फाँटबद्दल एवढंच. मराठीला शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी, कन्नडला टिरो कन्नड किंवा नोटो सेरिफ कन्नड. मराठी फाँटला स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी असं दोन्ही सांगा. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ त्यामुळे आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. लाटेक चालवायच्या प्रकारांपैकी झीलाटेक वापरत असाल तर जोडाक्षरांची काळजी नको. लुआलाटेक वापरणार असाल तर रेंडरर हार्फबझ सांगायला विसरू नका. लेखकांकडून श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटात आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून घ्या, तो तपासून घ्या, मगच मांडणीला बसा.

आता आकडे. १२ पॉइंटच्या बुक क्लासमध्ये मूळ अंतर १४.५ पॉइंट आहे. त्याला १.२४ ने गुणलं की १७.९८, म्हणजे आपले १८. म्हणून लाइनस्प्रेडला १.२४ द्या आणि लगेच त्यानंतर सिलेक्टफाँट लिहा, नाहीतर बदल लागू होत नाही. हे दोन्ही जॉमेट्री घेण्याच्या आधी लिहायचं, कारण जॉमेट्री ओळी मोजताना त्या वेळी चालू असलेलं अंतर धरतं.

डेमी एक-अष्टमांश म्हणजे आपल्याकडच्या १८ × २३ इंची कागदाचा आठवा भाग, ५.७५ × ९ इंच; कटिंगनंतर ५.५ × ८.५ इंच. तरी प्रेसला कटिंगनंतरचं नेमकं माप विचारा. दोन-तीन मिमीचा फरक प्रेसगणिक पडतो. मी १४० × २१६ मिमी धरून सांगतो.

जॉमेट्रीला पेपरविड्थ १४० मिमी आणि पेपरहाइट २१६ मिमी द्या. प्रेसवाल्याची तक्रार इथेच मिटते. लाटेकच्या मूळ क्लासमध्ये डेमी नावाचा कागद नाही. तुम्ही ए-फोर सांगितलंत, आत मजकूर लहान केलात, म्हणून पीडीएफचं पान ए-फोरच राहिलं. काहीच सांगितलं नसतं तर क्लासने अमेरिकेतला लेटर आकार धरला असता. जॉमेट्रीला दिलेलं माप पीडीएफपर्यंत पोचतं.

उंचीसाठी टेक्स्टहाइट देऊ नका, लाइन्स २७ द्या. पहिल्या ओळीला १२ पॉइंट आणि पुढच्या २६ ओळींना १८-१८, म्हणजे जवळपास ४८० पॉइंट, १६८.५ मिमी. मजकुराचा ठोकळा ओळींच्या पटीत आला की शेवटची ओळ अर्धवट जागेपायी मागेपुढे होत नाही. वर २५ मिमी सांगा. खालचा समास तुम्ही सांगू नका, जॉमेट्री काढेल, २२-२३ मिमी येईल. तिन्ही आकडे दिलेत तर ‘जास्त माहिती दिली’ अशी सूचना येते आणि कुठला तरी एक आकडा गुपचूप बाजूला पडतो.

रुंदीला टेक्स्टविड्थ १०३ मिमी. या मापात मराठीच्या दहा-अकरा शब्दांची ओळ होते, ती वाचायला बरी. बाइंडिंगऑफसेट ६ मिमी, इनर १४ मिमी. आउटर सांगायचं नाही, ते १७ उरतं. बाइंडिंगऑफसेट का, तर शंभरावर पानांचं पुस्तक परफेक्ट बाइंडिंगने चिकटवलं की पानाचा आतला काही भाग कण्यात जातो, उघडून दिसत नाही. तो भाग वेगळा धरला की दिसणारा आतला समास १४ राहतो आणि बाहेरचा १७. नुसतं टूसाइड ठेवून जॉमेट्रीवर सोडलंत तर ते आतला आणि बाहेरचा समास २:३ अशा प्रमाणात घेतं. शिवलेलं, सपाट उघडणारं पुस्तक असेल तर ते प्रमाण सुरेख दिसतं, पण चिकटवलेल्या जाड स्मरणिकेत ओळीचं पहिलं अक्षर कण्यात शोधावं लागतं. चाळीसेक पानांचा अंक असेल, सेंटर पिन मारणार असतील, तर ऑफसेट २ मिमी पुरे.

वरची पट्टी मजकुराला का टेकते? क्लासने हेडरला उंची दिलीय १२ पॉइंट, आणि आपण अंतर वाढवल्यामुळे एका ओळीला आता १८ लागतात. फॅन्सीहेडर पॅकेज लॉगमध्ये ‘हेडहाइट अपुरी आहे, किमान इतकी करा’ असं आकड्यासह सांगतं. तो इशारा पिवळा असतो म्हणून कुणी वाचत नाही. जॉमेट्रीतच हेडहाइट १८ पॉइंट, हेडसेप १४ पॉइंट द्या. दोन्ही मिळून ११ मिमीच्या आसपास, म्हणजे वरच्या २५ मिमीत पट्टी बसून कागदाच्या कडेपासून १४ मिमी मोकळे राहतात. पट्टीत डाव्या पानावर स्मरणिकेचं नाव, उजव्यावर लेखाचं नाव, पानाचा आकडा दोन्हीकडे बाहेरच्या कडेला. आकडे देवनागरी हवेत तर पॉलीग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजमध्ये मराठीला न्यूमरल्स देवनागरी असं सांगा. कन्नड लेखांच्या पानांवरही आकडे देवनागरीच ठेवायचे की कन्नड, हे समितीला आधीच विचारून घ्या. आपल्याकडे हा नुसता मांडणीचा प्रश्न राहत नाही, आणि पानं छापल्यावर कुणी दुखावलेलं बरं नाही.

ओळींच्या घडीत बसणं, म्हणजे प्रत्येक पानावर ओळी त्याच त्या उंचीवर येणं, का महत्त्वाचं, तेही सांगतो. स्मरणिका बहुधा ७० जीएसएम मॅपलिथोवर छापतात. त्या कागदातून मागची छपाई थोडी दिसते. मागची ओळ पुढच्या ओळीच्या बरोबर पाठीशी आली तर नजरेला त्रास होत नाही. दोन ओळींच्या मधे आली तर अख्खं पान मळकट वाटतं. कागद बदलायला पैसे लागतात, ओळी जुळवायला लागत नाहीत.

त्यासाठी आणखी तीन गोष्टी सांभाळा. पारस्किपला मुळात १ पॉइंटपर्यंत ताणायची मुभा असते. ती काढून शून्य करा आणि परिच्छेद आत सरकवूनच सुरू करा. उपशीर्षकांच्या वरखालच्या जागाही लवचीक असतात; टायटलसेक या शीर्षकांच्या पॅकेजने त्या पक्क्या करा. उपशीर्षक एका ओळीचं असेल तर वर २७, खाली ९ आणि त्याची स्वतःची १८, मिळून ५४, म्हणजे बरोबर तीन ओळी. उपशीर्षक पानाच्या मधे कुठेही आलं तरी त्यानंतरचा मजकूर पुन्हा घडीत येतो. फोटोचं तसंच. फोटो, त्याची ओळ आणि वरखालची जागा मिळून बेरीज १८च्या पटीत आणा. सत्काराच्या फोटोंची पानं वेगळी आर्टपेपरवर जाणार असतील तर त्यांना हा नियम लावायची गरज नाही.

यानंतरही एखादं पान २६ ओळींचं निघेल, आणि ते योग्यच आहे. परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या टोकाला सुटू नये म्हणून विडोपेनल्टी आणि क्लबपेनल्टी दोन्ही १०००० ठेवायच्या, मग टेक एक ओळ पुढे ढकलतं. बुक क्लास अशा वेळी फ्लशबॉटममुळे उरलेल्या ओळी ताणून पान भरायला बघतो, ते करू देऊ नका, रॅग्डबॉटम सांगा. मग सगळ्यात शेवटी, मजकूर पक्का झाल्यावर, समोरासमोरची पानं बघत जा. डावं पान २६चं आणि उजवं २७चं असेल तर उजव्यालाही एनलार्जधिसपेजने एक ओळ कमी करा. जोडी सारखी दिसली की डोळ्याला काही खटकत नाही. हे काम मधेच करू नका. एक परिच्छेद वाढला की सगळं पुन्हा करावं लागतं.

देणगीदारांची यादी ही स्मरणिकेतली सगळ्यात नाजूक पानं. ती बसवण्यासाठी न्यूजॉमेट्रीने समास बदलायचा मोह होतो. तो टाळा. ती आज्ञा नवं पान सुरू करते आणि ओळींची घडीही मोडते. यादी मल्टिकॉलने दोन रकान्यांत घ्या, अक्षर १० पॉइंट करा, ठोकळा तोच ठेवा. आकड्यांचा रकाना हवाच असेल तर लाँगटेबल.

पानांच्या बेरजेकडे आधीपासून लक्ष असू द्या. प्रेसमध्ये १६ पानांचा फॉर्म धरतात. तुमची पानं १६४ झाली तर प्रेस अकरावा फॉर्म लावेल आणि बारा पानं कोरी जातील, किंवा शेवटी अर्धा फॉर्म लावेल आणि त्याचा भाव वेगळा सांगेल. अशा वेळी ओळींचं अंतर १८चं १७.५ करून १६०वर आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कन्नड चाचणीत १७.५ पास झालं असेल तरच तो घ्या, आणि तेही पहिल्या दिवशी, नंतर नाही. माझं म्हणाल तर जाहिराती आणि शुभेच्छांची पानं जरा घट्ट करा. लेखांना हात लावू नका.

सगळं बसवताना जॉमेट्रीला शोफ्रेम सांगून ठेवा. ठोकळा, हेडर, तळ यांच्या चौकटी पानावर दिसतात आणि कुठे काय बाहेर गेलंय ते लगेच कळतं. ओळी उजवीकडे बाहेर येत असतील तर तो समासाचा दोष नाही, शब्द तुटत नाहीयेत. पॉलीग्लॉसियात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नीट जाहीर केल्या आहेत ना ते तपासा, आणि इमर्जन्सीस्ट्रेचला दीड-दोन एम (एक एम म्हणजे चालू फाँटच्या आकाराएवढं माप) द्या. प्रेसला पीडीएफ देण्याआधी शोफ्रेम काढा.

प्रेसला देण्याआधी एक फॉर्म, म्हणजे १६ पानं, घरच्या किंवा दुकानातल्या प्रिंटरवर काढा. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ हवं. ‘फिट’ राहिलं तर पान नकळत लहान-मोठं होतं आणि सगळी मोजणी फुकट. पट्टी घेऊन ठोकळा मोजा: रुंदी १०३, उंची पहिल्या ओळीच्या डोक्यापासून शेवटच्या ओळीच्या पायापर्यंत १६८च्या जवळ. डीटीपीवाले मोजतात तो पॉइंट इंचाला ७२, टेकचा ७२.२७, त्यामुळे त्यांच्या १८च्या ओळी तुमच्यापेक्षा पानामागे अर्ध्या-पाऊण मिमीने जास्त भरतील. तेवढ्यावरून वाद नको. मग ती १६ पानं मधे दुमडून, पिना मारून, एका मराठी वाचणाऱ्याला आणि एका कन्नड वाचणाऱ्याला द्या. कन्नडवाल्याला मुद्दाम विचारा की खालची जोडाक्षरं कुठे कापली गेली आहेत का, किंवा खालच्या मराठीत अडकली आहेत का. मराठी वाचणाऱ्याची नजर तिथे जातच नाही.

चाचणीच्या २१ ओळींचं माप किती आलं आणि फाँट कोणते घेतलेत, ते कळवा. १२६पेक्षा जास्त आलं असेल तर कन्नडचं स्केल किती करायचं ते मी त्यावरून सांगू शकेन.